पारसभाऊंच्या घराची देखरेख

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०
निवृत्त होऊन चौदा महिने झाले. विश्रांती पुरे. आजपासून समाजकार्य.

विषय आपोआप समोर आला. चहा घेऊन गेटपाशी उभा होतो, तर शेजारच्या घराच्या कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग. केळीची सालं, थर्माकोल, एक चप्पल, त्यावर डुक्कर. हे घर धुळ्याच्या पारसभाऊंचं. ते स्वतः इथे कधी राहिले नाहीत. खाली भाडेकरू, गच्चीवर पत्र्याच्या चार खोल्या काढून तिथेही भाडेकरू. मालक धुळ्याला आणि घाण जळगावला.

संकल्प: पंधरा दिवसांत गल्ली स्वच्छ. छत्तीस वर्षं वरिष्ठ लिपिक होतो. माझ्या ड्राफ्टिंगपुढे साहेब लोक हरायचे, ढीग काय चीज आहे!

५ ऑगस्ट, मंगळवार
पुरावे गोळा केले. काठीने पिशव्या उघडल्या. तिसऱ्या पिशवीत माझ्या नावाचं कुरिअरचं पाकीट निघालं. वाऱ्याने उडून गेलं असणार. पिशवीला गाठ होती हे खरं, पण वारा हल्ली कसाही वाहतो.

६ ऑगस्ट, बुधवार
खालच्या भाडेकरणीला समज दिली. कस्तुरा नाव. नवऱ्याचं नाव पुना, तो रावेरहून केळीची गाडी चालवतो, ही पॅकिंगच्या कामाला जाते. माणसं शिरपूरकडच्या पाड्यावरची. मी शांतपणे, पण अधिकाराने बोललो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बठ्ठा कचरा आमनाच शे का, नाना?" मी म्हणालो, सगळा तुमचा नाही तर मग कोणाचा? ती आमच्या गेटकडे बघून हसली. म्हणाली, घंटागाडी गल्लीत येतच नाही, चौकातून परत जाते. तेव्हा ती कामावर असते. कचरा काय डोक्यावर घेऊन फिरायचं?

उद्धट वाटली. बायको ज्योत्स्ना मागे उभी होती. माझ्या बाजूने असली की ती गप्पच असते.

११ ऑगस्ट, सोमवार
महापालिकेत गेलो. दोन अर्ज दिले. एक कचऱ्याचा, तीन पानी. दुसरा गच्चीवरच्या विनापरवाना खोल्यांचा, पाच पानी, सोबत नकाशा.

आरोग्य निरीक्षक दिपमाला मॅडम. वय तिशीचं, पण खुर्ची दिली. गाडी गल्लीत का येत नाही, असं मी कडक आवाजात विचारलं. त्यांनी एक फाईल काढून माझ्यापुढे सरकवली. गेल्या वर्षीच्या जुलैमधला अर्ज. गाडीवरच्या गाण्यामुळे ज्येष्ठ नागरिकाची झोपमोड होते, सबब गाडी गल्लीत आणू नये. खाली माझी सही.

निवृत्तीनंतरचे ते दिवस थकव्याचे होते. शिवाय माझा रोख गाण्यावर होता, गाडीवर नव्हता. प्रशासनाला मजकूर वाचता येत नाही हीच खरी अडचण. अर्ज मागे घेता का, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, विचार करतो. सही केलेला कागद मी आजवर मागे घेतलेला नाही.

घरी ज्योत्स्नाला यातलं काही सांगितलं नाही. तिला ऑफिसच्या गोष्टींचा कंटाळा येतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार. धुळ्याहून परत
ऐतिहासिक दिवस!

सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. पारसभाऊंचं कापडाचं दुकान आहे. सात मुद्दे पाठ केले होते. पहिला मुद्दा उघडणार तोच त्यांनी उठून नमस्कार केला, गादीवर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला. त्यांच्या आई सज्जनबाई गल्ल्याजवळ बसलेल्या. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखी वडीलधारी माणसं शेजारी आहेत म्हणून आम्हाला झोप लागते. मग चहा, कचोरी, पुन्हा चहा.

पारसभाऊ म्हणाले, नाना, मी इथे लांब. तुम्हीच मालक समजा. भाडेकरू तुमचं ऐकतील. एक साधा कागद होता, "स्थानिक देखरेख" असा. मी व्याकरणाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. सगळ्या किल्ल्या मला दिल्या. वर शर्टपीस.

शत्रू लढाईशिवाय शरण. सात मुद्द्यांची गरजच पडली नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
प्रशासन सुरू. ढिगावर बोर्ड लावला: "येथे कचरा टाकू नये. आदेशावरून." अक्षरं पेंटरकडून, मजकूर माझा.

२१ ऑगस्ट, गुरुवार
ढीग मोठा झाला. पलीकडच्या गल्लीतली एक बाई दुसरीला सांगत होती की कचरा बोर्डापाशी टाक. लोक बोर्ड वाचतात एवढं तरी सिद्ध झालं.

गच्चीवरचा तेजस, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, अर्ध्या आंघोळीतून फोन करतो की नाना, पाणी गेलं. मोरी तुंबली तरी नाना. आज दोनदा टाकीवर चढलो. गुडघा बोलतो आहे. पण अधिकार आला की जबाबदारी येतेच.

२६ ऑगस्ट, मंगळवार
महापालिकेची नोटीस. गच्चीवरचं विनापरवाना बांधकाम का पाडू नये, सात दिवसांत खुलासा करा. पत्ता पारसभाऊंच्या घराचा, नाव माझं. देखरेखीच्या कागदाची प्रत पारसभाऊंनी तिकडे आधीच पाठवलेली.

पारसभाऊंना फोन केला. म्हणाले, नाना, तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?

हे मात्र खरं आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
खुलासा तयार. साडेचार पानं. तक्रारदाराच्या एकेका मुद्द्याचा चोथा केला. "सदर तक्रार आकसापोटी केलेली असून तक्रारदार निवृत्त व रिकामा इसम असल्याचे समजते," हे वाक्य फार जमलं. ज्योत्स्नाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, हा तक्रारदार कोण? मी म्हणालो, ते गौण आहे.

कस्तुरा दारात आली होती. अंगात ताप. पुना गाडी घेऊन दिल्लीकडे गेलेला. तिला कोपऱ्यातलं साचलेलं पाणी काढून हवं होतं, डास फार झालेत म्हणाली. मी म्हणालो, लेखी दे. लेखी असलं की पाठपुरावा करता येतो.

२ सप्टेंबर, मंगळवार
सुनावणी. अतिक्रमणचे साहेब रजेवर, म्हणून दिपमाला मॅडमनीच दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तक्रारदार कोण आले आहेत, असं विचारलं. मी हात वर केला. आणि खुलासा देणारे? हात वरच होता, तो तसाच ठेवला.

शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. मॅडम हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, नाना, दोन्हींतलं खरं कोणतं?

ड्राफ्टिंग दोन्हींचं उत्तम आहे, एवढंच मला सुचलं. पुढची तारीख दिली.

४ सप्टेंबर, गुरुवार
कस्तुराला डेंग्यू. ज्योत्स्ना रिक्षाने तिला दवाखान्यात घेऊन गेली. मला कोणी विचारलं नाही. दिवसभर किल्ल्या खिशात घेऊन बसलो.

संध्याकाळी ज्योत्स्ना डबा न्यायला आली. मी म्हणालो, या लोकांना मी किती वेळा सांगितलं की तिथे कचरा टाकू नका. ती पोळ्या बांधत होती, थांबली. म्हणाली, "आणि आपला कचरा वर्षभर कुठे जातोय असं वाटतं तुम्हाला? गाडी तुम्ही बंद केली. माझे गुडघे चौकापर्यंत चालत नाहीत. अंधार पडला की मीच टाकून येते. सगळी गल्ली टाकते."

तिला माझा अर्ज माहीत होता. सगळ्या गल्लीला माहीत होता. नोंद करण्यासारखं दुसरं काही नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
ढिगाची कारणं लिहायला बसलो. एक: वारा. पुढे सुचलं नाही.

लेखी दे म्हणालो होतो. तापात होती ती.

८ सप्टेंबर, सोमवार
ज्योत्स्ना महापालिकेत जाऊन आली. तिचा अर्ज दोन ओळींचा. गाडी गल्लीत पाठवा, ढीग उचला. त्यात सबब नाही, उपरोक्त नाही. जुना अर्ज मागे घेण्यासाठी माझी सही लागते म्हणून दुसरा कागद आणला होता. मी चष्मा लावला. ती म्हणाली, दुरुस्त्या करायच्या नाहीत.

केली सही.

१० सप्टेंबर, बुधवार
ट्रॅक्टर आला. ढीग अर्ध्या तासात गेला. खाली पूर्वीची फरशी निघाली. धुळ्याला किल्ल्या कुरिअर केल्या. सोबत पत्र, तीन ओळींचं. तिसरी ओळ: खोल्यांचं काय ते तुम्ही स्वतः येऊन बघा. पारसभाऊंचे चार फोन येऊन गेले. उचलले नाहीत. अजून धीर होत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
गाडी गल्लीत आली. मी सर्वांत आधी बादली घेऊन पोहोचलो. पहिला मान आपला असावा असं वाटलं. गाडीवरची सुलक्षणा नावाची बाई बादलीत डोकावली आणि बादली परत हातात दिली. म्हणाली, ओला-सुका वेगळा करून आणा, बाबा. एकत्र घेत नाही.

मागे रांग होती. मी बाजूला झालो.

कस्तुरा शनिवारी घरी आली आहे, अजून अशक्त. ओट्यावर बसली होती, तिच्या दोन बादल्या आधीच रिकाम्या झालेल्या. तिने मला हाक मारून शेजारी बसवलं आणि कशात काय टाकायचं ते दाखवलं. मला त्या "लेखी दे"च्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. पण ती भाजीच्या देठांबद्दल बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो.

चहाचा चोथा ओल्यात. चहाचं पाकीट सुक्यात. मला माहीत नव्हतं.