धवला राहिला

पुणे, १० मार्च २००२

ती. कमळआत्यास शि. सा. न.

मे महिन्याची तारीख ठरली, बाबांनी कळवलं असेलच. होस्टेलवरून मी काय बघणार? म्हणून लग्नाचे नट्स अँड बोल्ट्स तुझ्याकडे. घाबरू नकोस, इंग्रजीत बारीकसारीक व्यवहाराच्या गोष्टींना असं म्हणतात. यंत्र सगळ्यांना दिसतं, ते धरून ठेवणारे नट-बोल्ट कुणाला दिसत नाहीत. हळद, मांडव, जेवण, सगळं तू बघ. आणि लग्न भटजीच्या मंत्रांनी नको, आपल्या धवल्याच्या गाण्यांनी लागू दे; धवला तूच गायचा, माझा शब्द.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी क्षितिजा

अंजूर, १८ मार्च २००२

चि. क्षितिजास अनेक आशीर्वाद.

तुझं इंग्रजी घरी वाचून दाखवलं. हे पोट धरून हसले. म्हणाले, पोर लूमवाल्याला नट-बोल्ट शिकवते हाय! एक नट ढिला झाला तर माग थांबतो, अख्खी शिफ्ट बसून राहते, हे तिला सांग.

सगळं करीन गं. धवलारीण रंगूबाईंच्या मागे बसून मी धवले शिकले. त्या गेल्या. आता मांडवात पुढे उभी राहून गाणार ती पहिल्यांदा तुझ्याच लग्नात. भात सडताना, पाणी भरताना तेच पुटपुटते. हे म्हणतात, बायको खुळावली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

ठाणे, २ जून २००२

ती. आत्यास सा. न.

लग्न छान झालं, सगळे जेवणाची तारीफ करतात. धवला राहिला म्हणून रुसलीस का? सासरच्यांना भटजीच हवे होते, धवला लांबतो म्हणत होते. तू हट्ट धरशील म्हणून मीच तुला बर्फाचा टेम्पो बघायला फाट्यावर पाठवलं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस, तोही एक नट-बोल्टच होता.

राग सोड, लोभ ठेव.
तुझी क्षितिजा

अंजूर, ११ जून २००२

चि. सौ. क्षितिजास आशीर्वाद.

टेम्पो आलाच नाही. बर्फ सकाळीच उतरला होता, हे तुलाही माहीत होतं. मी उन्हात उभी राहिले आणि परत आले तर अक्षता पडून गेल्या होत्या. तोंडावर नको म्हणाली असतीस तर मी रडले असते, पण तुझ्या मांडवात तरी असते. तू मला फसवलंस, क्षितिजा. धरून ठेवतो तो नट, हे तूच मला लिहिलं होतंस.

धवल्यात नवरीचं नाव गुंफावं लागतं. तुझं नाव मोठं अवघड, चालीत बसता बसेना. शेवटी बसवलं. त्या ओळी अजून तोंडात येतात, आणि आता त्या कुणाच्याच लग्नात गाता येत नाहीत.

सुखी राहा.
तुझी आत्या