मिलच्या गेटवर आधीच वाचून झालेलं माझं मृत्युपत्र

मी, ज्ञानदीप वाल्मिक तायडे, वय चोवीस, धंदा होजियरी मशीनचा फिटर, राहणार मूळ परदेशीपुरा, इंदूर, नोकरीनिमित्त तिरुपूर, तमिळनाडू, सध्या मुक्काम मिलचे जुने मिस्त्री नानासाहेब यांच्या घरची वरची खोली, अन्नपूर्णा भाग, इंदूर, हा कागद कोणाच्या धाकाने नाही, काही पिऊन नाही, तर सकाळचे पोहे खाऊन, डोकं थंड ठेवून लिहितो. शाळा आठवीपर्यंत, तीही नापास. शब्द चुकला तर हेतू धरावा.

शाळेच्या दाखल्यावर माझं नाव गिरिजा आहे आणि पुढे मुलगी लिहिलंय. तो दाखलाही माझाच. नावं दोन, माणूस एक. आठवी नापास माणसाने स्वतःला ज्ञानदीप नाव ठेवलं यावर कोणाला हसायचं असेल तर हसून घ्यावं, मीही हसतो.

कारण असं की येत्या गुरुवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. गाठ गर्भाच्या पिशवीला आहे, आणि ती पिशवी मला आहे हे मी तिरुपूरमध्ये कोणाला कळू दिलं नव्हतं. नानासाहेबांच्या सूनबाई डॉक्टर प्राची ऑपरेशन करणार, वेगळी खोली देणार, म्हणून एवढ्या लांब इंदूरला आलो. त्या म्हणतात, नव्याण्णव टक्के काही होत नाही. हा कागद उरलेल्या एक टक्क्यासाठी.

त्या एका टक्क्यात घरचे मला गिरिजा म्हणून नेतील आणि साडी नेसवतील. मग ज्ञानदीपने जे केलं ते कोणी केलंच नाही असं होईल. मरायला हरकत नाही, त्याला हरकत आहे. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदार दोन पाहिजेत, कोणीही शहाणा माणूस चालतो, पण एक घरचा असला तर नंतर घरातून कोणी "हा कोण?" विचारणार नाही. मात्र साक्षीदाराला या कागदातून काही मिळता कामा नये. एक साक्षीदार नानासाहेब. दुसरी जागा आज कोरी आहे. भाऊ बुद्धरत्नला विचारलं. तो म्हणाला, "अपने को इस लफड़े में नी पड़ना, भिया." भिया, म्हणजे भाऊ, म्हणाला, एवढं तरी झालं.

कलम एक. अंगावर पांढरा शर्ट, पांढरी पँट. शर्ट ट्रंकेत इस्त्री करून ठेवला आहे. वंदना घेताना भंतेजींनी नाव ज्ञानदीप घ्यावं. रडणाऱ्याने काय म्हणून रडायचं ते त्याचं तो बघेल.

कलम दोन. माझी सायकल बुद्धरत्नला. ती त्याने मी इंदूर सोडल्यावर महिन्याभरात विकली हे मला माहीत आहे. त्या विक्रीला मी या कागदाने मंजुरी देतो. बँकेत जे असेल ते त्याच्या मुलीच्या, वसुंधराच्या, शिक्षणाला. तिने काय व्हायचं ते तिने ठरवायचं. "काय" यात सगळं आलं.

कलम तीन, नानासाहेबांबद्दल. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि साक्षीदार असल्याने दिलं तरी चालणार नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो. मिल बंद झाली तेव्हा मी सोळाचा होतो. बाबा तिथे विणकर. आई आधीच गेलेली. सांवेर रोडवर मी दोन कारखान्यांत लागलो आणि दोन्हीकडून आठवड्यात निघालो. कामात चूक नव्हती. एकाने सांगितलं, "लड़का है कि लड़की, पहले ये क्लीयर कर, फिर आना." क्लीयर करायला मला आठ वर्षं लागली, त्याच्याकडे मात्र परत गेलो नाही.

तिसरं वर्कशॉप नानासाहेबांच्या हाताखालचं. ते मिलचे जुने मिस्त्री, मला लहानपणापासून ओळखत होते. मी बुद्धरत्नचा शर्ट घालून उभा.

"वाल्मिकची ना तू?"

"हो."

"काम खरादच्या मशीनवर करायचंय की चहा करायचाय?"

"खरादवर."

"मग बाही वर कर. मशीनमध्ये अडकली तर हात जाईल."

मुलाखत संपली. हजेरीत नाव काय लिहू विचारलं, मी ज्ञानदीप म्हणालो, त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याजवळ एक चावी ठेवलेली होती. स्टोअरच्या मागच्या संडासाची. म्हणाले, "हरवली तर कुलूप तू तोडायचं." बाकी सगळे लोक मला समजून घेऊ म्हणत बसले, यांनी चावी दिली. कोणाला माझ्यासारख्याला काम द्यायचं असेल तर त्याने आधी हे बघावं.

मला एका जागी बसवत नाही हा माझा दोष. पीथमपूर, सुरत, लुधियाना करत तिरुपूरला पोचलो. तिथे गोल मशीनवर बनियनचं कापड विणतात. सुई तुटली की कापडात उभी रेघ येते, आणि हजारो सुयांतली तुटलेली कोणती ते मी आवाजावरून सांगतो. ही शेखी नाही, तिथल्या कोणालाही विचारावं. गाठ निघाली तेव्हा मॅनेजर श्रीरामजींना दार लावून सगळं सांगितलं. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. त्यांनी पूर्ण ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "सात नंबर मशीन में लाइन आ रहा है, वो कौन देखेगा?"

"जाने से पहले मैं देखता हूँ, साब."

"ठीक. ऑपरेशन के बाद वजन नहीं उठाना. नए लोगों को ट्रेनिंग तुम देना." आणि रजेच्या अर्जावर लिहिलं, ज्ञानदीप, हेड फिटर. हेड मी त्या दिवशी झालो. परत गेलो तर पहिली बॅच मुलींची घेणार आहे. तिथे मुली शिवतात, कापतात, पण मशीन उघडायला त्यांना कोणी देत नाही.

कलम चार. माझी हत्यारांची पेटी, आतल्या पाने, चिमटे आणि फीलर गेजसकट, बाबांना. मिल बंद झाल्यापासून ते रागीट झाले आहेत. आठ वर्षांत त्यांनी मला ना गिरिजा म्हटलं ना ज्ञानदीप. मी शेजाऱ्यांकडे फोन केला की "हां, बोल" म्हणतात आणि शेजाऱ्यांच्या हातात फोन देतात. हात चांगला आहे त्यांचा. मोहल्ल्यातली शिलाई मशीनं दुरुस्त करावीत.

इंदूर, शुक्रवार, ता. १२ नोव्हेंबर १९९९.

पुरवणी, सोमवार, ता. १५.

वरचा कागद मी नानासाहेबांना भाषा तपासायला दिला होता. इथे एक गोष्ट घडली, ती लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मिल बंद झाली तरी जुने कामगार दर रविवारी गेटसमोर जमतात. कोर्टाची नोटीस असो, लग्नपत्रिका असो, वाटणीचा कागद असो, ज्याच्या घरचा असेल तो आणतो आणि नानासाहेब मोठ्याने वाचतात. आठ वर्षांची सवय. काल खिशात हात घालून त्यांनी जो कागद हाताला आला तो वाचायला घेतला. पहिल्याच ओळीत चूक लक्षात आली म्हणे, पण मागून आवाज आला, "रुको मत, मिस्त्रीजी, आगे पढ़ो," आणि त्यांनी शेवटपर्यंत वाचला. सायकलीवर सगळे हसले. चावीवर कोणी हसलं नाही. बाबा तिथेच पानाच्या टपरीशी उभे होते. कलम चार झालं आणि ते निघून गेले.

मी काल दिवसभर नानासाहेबांशी बोललो नाही. ते जिन्याखालून तीनदा म्हणाले, "बेटा, आदत से हो गया रे."

आज सकाळी बाबा वर आले. चप्पल काढली नाही. दारातच उभे.

"मला रागीट लिहिलंस. सगळ्या गेटसमोर."

"मला काय माहीत ते गेटवर वाचतील!"

"खोड."

"खोटं आहे का?"

ते म्हणाले, "राहू दे. कलम चार खोड."

मला वाटलं पेटीही नको त्यांना. मी म्हटलं, "बाबा, चांगली हत्यारं आहेत. वापरा."

"हत्यारं कळतात मला, तू शिकवू नको. साक्षीदाराला काही मिळत नाही असं तूच लिहिलंस ना वरती? मग पेटी ठेवून सही कशी करू मी? पेन दे."

मी पेन शोधत बसलो, कारण डोळ्यांनी दिसेना. ते म्हणाले, "कानामागे आहे तुझ्या."

सबब कलम चार रद्द. पेटी तिरुपूरला पाठवावी. मी नसलो तरी मुलींची बॅच व्हावी, आणि तिच्यातली जी मुलगी पहिली तुटलेली सुई आवाजावरून शोधेल तिला श्रीरामजींनी द्यावी. बाकी कलमं कायम. "रागीट" हा शब्दही कायम, बाबांच्या परवानगीने.

सही: ज्ञानदीप वाल्मिक तायडे

साक्षीदार एक: नानासाहेब, माजी मिस्त्री, अन्नपूर्णा. करून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. गेटवर वाचल्याबद्दल लेखी माफी मागतो.

साक्षीदार दोन, स्वहस्ते: मी वाल्मिक तायडे, वय अठ्ठावन्न, माजी विणकर, परदेशीपुरा. हे मृत्युपत्र लिहिणारा ज्ञानदीप माझा धाकटा मुलगा. जन्मला तेव्हापासून ओळखतो. त्याचं डोकं ठिकाणावर आहे. त्याने माझ्यासमोर सही केली आणि मी त्याच्यासमोर. मला यातलं काही मिळणार नाही हे समजून सही करतो. गुरुवारी ऑपरेशनच्या दाराबाहेर मी बसणार आहे, ज्ञानदीप हे नाव पुकारलं तर मी उठेन.

इंदूर, ता. १५ नोव्हेंबर १९९९