जिंकेपर्यंत गोड बंद

१४ मार्च १९५५, कारंजा

आज मंदिरात नियम घेतला — कामरगावच्या जत्रेत हे कुस्ती जिंकेपर्यंत गोड बंद. चहासुद्धा बिनसाखरेचा! कोणाला सांगितलं नाही.

काल मामाजी दुकानातून आले आणि जोडा काढता काढताच आपल्या लेकाला, म्हणजे यांना, म्हणाले, "औंदा हरला तर आखाडा बंद. गादीवर बसाचं, कापड मोजाचं." हे तसेच उठून आत गेले. जेवलेही नाहीत. आखाड्यातून येतात तेव्हा हा माणूस कसा हसत येतो, ते मला ठाऊक आहे. दुकानात डांबला तर वर्षभरात म्हातारा होईल माझा नवरा!

१९ मार्च

पकडली गेले. शिऱ्याला नको म्हटलं आणि मामाजींनी बरोबर ताडलं.

"नियम घेतला का कुस्तीसाठी? आपले भगवान वीतराग हायेत, सूनबाई. त्याईले ना कोनाची हार, ना जीत. त्याईले कायले मातीत ओढतं?"

पदर पुढे ओढून शिऱ्याची कढई आत नेली. बोलणं खरंच आहे त्यांचं. पण आखाडा बंद करणारे मामाजीच, मग मी जाऊ कोणाकडे?

२४ मार्च

पाडवा. पुरणपोळ्या सुरेख झाल्या म्हणे — मी कुठं खाल्ल्या! नवल म्हणजे मामाजींनीही हात लावला नाही. दाढ दुखते म्हणाले. एरवी पुरण दिसलं की ताटावरून उठत नाहीत. लवंगेचं तेल नेऊन दिलं, तर उगाच खेकसले.

२९ मार्च

हिरीबाई मोळी घेऊन आली. पलीकडच्या तांड्यातली. टेकली, पाणी प्यायली, मग म्हणते, "तुया घरच्याची कुस्ती माह्या घरच्यासंग लागली म्हन्ते!"

तिचा खेमा! मला माहीतच नव्हतं. तिनं मारोतीला नारळ बोललाय. "नाव कसं घेऊ बाई नवऱ्याचं? आमच्या घरच्याले जिंकव म्हनलं. समजते देवाले."

मीही तेच केलंय की — 'यांना जिंकव', एवढंच! दोघी हसून हसून लोटपोट झालो.

मग ती हळूच म्हणाली, मागच्या जत्रेत खेमा पडला तेव्हा कित्येक दिवस झोपडीबाहेर निघाला नाही. पोरांशीही बोलला नाही.

तेव्हापासून मन खातंय. यांना जिंकव म्हणजे काय? हिच्या नवऱ्याला पाड, असंच ना!

५ एप्रिल

महावीर जयंती. हात जोडले तर शब्दच सुचेनात. शेवटी म्हटलं — दोघांनाही कुठं लागू नये. लगेच जीभ वळवळली — आणि यांना जिंकव! खोटं कशाला लिहू.

७ एप्रिल

हे पहाटेच गेले. मागोमाग मामाजी! "सरकी पाह्याची हाय कामरगावले." जत्रेच्या दिवशी सरकी!

हरले.

खूप वेळ झुंजले, मग खेमानं चीत केलं. घरी आले तेव्हा डोळे चमकत होते. "काय डाव टाकला त्यानं! म्हणाला, ये, तुले शिकवतो." आणि एकदम थांबून लंगोट माझ्या हातात दिला. आठवलं असेल. उद्यापासून दुकान.

लंगोट धुतला, वाळवला, घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. खूप रडले. मामाजी समोर आलेच नाहीत. घसा बसलाय त्यांचा, धूळ गेली म्हणतात.

८ एप्रिल

सकाळीच हिरीबाई गूळखोबरं घेऊन आली. आनंद मावत नव्हता तिचा. मी हात मागे घेतला — माझा नियम! तिनं मामाजींपुढे धरलं, तर त्यांनीही हात मागे घेतला.

"दाढ दुखते का अजून?"

मान खाली घालून, बसक्या आवाजात म्हणाले, "दाढ नाही, सूनबाई. मीबी नियम घेतला. पोरगं कुस्ती जिंकेपर्यंत."

मग दुकानात जायला टोपी घालून उभ्या असलेल्या यांच्यावर खेकसले, "पाह्यतं काय? जाय आखाड्यात!"