तोंडभर धान

१७ नोव्हेंबर

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. बी.कॉम. झाले तेव्हा कॉलेजनेही मला एवढ्या मानाने वागवलं नव्हतं. निकेश शेठ स्वतः फाटकापर्यंत आले. हातात पेढ्यांचा डबा, तोंडात 'रुचिताताई, रुचिताताई'. तुमसरपासून जवळच ही त्यांची राइस मिल. मला धर्मकाट्यावर बसवलं आहे. धानाचा ट्रक येताना भरलेला काट्यावर चढतो, जाताना रिकामा चढतो, आणि मी काचेच्या केबिनमध्ये बसून दोन्ही वजनं टिपते. गोल फिरणारी खुर्ची मिळाली. दोनदा फिरूनही पाहिलं.

समोर धानाची टाकी आहे. पत्र्याची, तीन मजली, उन्हात चकाकणारी. माझा धाकटा भाऊ अश्वजित पोळ्याच्या आधी त्या टाकीत मेला. आत धान गोळा होऊन अडकलं होतं. ते फोडायला त्याला वरून उतरवलं, ना दोर ना कमरपट्टा. तो आत असताना खालची मोटर सुरू झाली. धान खाली ओढलं गेलं आणि धानाबरोबर तोही. पोस्टमॉर्टेममध्ये त्याच्या घशात आणि श्वासनळीत धान सापडलं.

ही नोकरी त्याच्या बदल्यात आहे. पोरगी खुर्चीवर बसली की घर गप्प बसेल, असा शेठचा हिशेब. मी पेढा खाल्ला, हसले, छान आहे म्हटलं.

माय सकाळीच म्हणाली होती, ज्या गिरणीनं माह्या पोराले गिळलं तिथचा पगार मले दाखवू नको. मी तिला म्हटलं, पगारासाठी जातंय कोण?

१९ नोव्हेंबर

आज अनुपदादाशी बोलले. अनुपदादा आमच्याच वस्तीतला, भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याने पुन्हा एकदा सगळं नीट समजावलं. मार्ग तसे बरेच आहेत. कामगार आयुक्तांपुढे भरपाईचा दावा करता येतो. तिथे चूक कोणाची हे सिद्ध करत बसायचीही गरज नाही, माणूस कामावर असताना कामापायी गेला एवढं पुरतं. कारखाना निरीक्षकाकडे तक्रार आहे, दिवाणी दावा आहे. आणि पोलिसांनी लावलेली केस आहेच, हयगयीने मृत्यू घडवल्याची. ती केस सरकारची. शेठने नोकरी दिली म्हणून आम्ही ती मागे घेऊच शकत नाही. हे शेठला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. आम्ही दोघं फोनवर खूप हसलो.

पण मला भरपाई नको. मला निकेश शेठ जेलात पाहिजे, आणि म्हातारा होऊन बाहेर आलेला पाहिजे.

त्यासाठी एक माणूस लागतो, असं अनुपदादा म्हणाला. आत पोरगा आहे हे शेठला माहीत होतं आणि तरी त्याने मोटर सुरू करायला लावली, असं सांगणारा माणूस. मग ती नुसती हयगय राहत नाही, सदोष मनुष्यवध होतो. असा माणूस एकच आहे, मोटरच्या पॅनलवर बसणारे पुंडलिकराव. त्यांनी पोलिसांना इतरांसारखंच सांगून टाकलं आहे की, पोट्टा पिऊन होता, आपल्या मनानं उतरला. अश्वजितने चहापेक्षा कडक काही प्यायलेलं मी तरी पाहिलं नाही.

पुंडलिकराव मला पाहिलं की बिडी विझवतात आणि दुसरीकडे जातात. जा म्हणावं. काटा फाटकावरच आहे, रोज माझ्यासमोरून जावं लागतं.

२२ नोव्हेंबर

एक मजेची गोष्ट कळली. जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद झाली की टाकीच्या बाजूला कोणी फिरकत नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात! पुंडलिकराव तर सकाळी आल्या आल्या टाकीला हात जोडतात. शिडीला लिंबू-मिरची बांधली आहे. शेठ पूर्वी टाकीखाली खाट टाकून झोपायचे म्हणे, आता गाडीतून उतरून थेट ऑफिसात.

आमच्याकडे भूतप्रेत मानत नाहीत. आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं घराबाहेर काढलं. म्हणजे मला भीती नाही आणि त्यांना आहे. हे समजल्यावर दिवसभर मला गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

दुपारी पुंडलिकराव हात धुवायला गेले तेवढ्यात त्यांच्या डब्यात पोळीखाली मूठभर धान टाकलं. त्यांनी डबा उघडला, पाहिला, आणि तसाच बंद केला. जेवले नाहीत. मी पोटभर जेवले.

२६ नोव्हेंबर

सकाळी विहारात संविधान दिनाचा कार्यक्रम होता. सगळ्यांबरोबर उद्देशिका वाचली, 'न्याय' हा शब्द जरा जास्तच मोठ्याने. मग मिलमध्ये येऊन न्यायाच्या कामाला लागले. शेठच्या गाडीच्या सीटवर धान. चष्म्याच्या घरात धान. पुंडलिकरावांच्या चपलेत धान. सुट्टीत टाकीच्या मागे जाऊन नटबोल्टने पत्रा ठोकला. आतून कोणी ठोकावं तसा हुबेहूब आवाज आला. पॅनलवरची माणसं ताटं टाकून पळाली. मला हसू आवरेना.

जाता जाता पत्र्याला तोंड लावून दोन्ही नावंही सांगून टाकली. पुंडलिक आणि निकेश. हे दोघे, अश्वजित, सोडू नको. कोणी ऐकायला नव्हतंच, पण बोलून बरं वाटलं. तो गेल्यापासून मी त्याच्याशी बोललेच नव्हते.

शेठचा चेहरा उतरला आहे. सारखे घसा खाकरतात. खाकरा.

२८ नोव्हेंबर

दोन गोष्टी झाल्या. लिहिते म्हणजे डोकं जागेवर येईल.

सांडलेलं धान झाडणाऱ्या सुशीलाबाई शेठच्या पाण्याचा जग घेऊन आल्या. तळाशी धान होतं. त्या म्हणाल्या, बाई, मी आताच घासून भरला, हे कुठून आलं? त्या जगाला मी हात लावलेला नाही. ऑफिसात गेलेच नव्हते. शिवाय मी ठेवते ते धान कोरडं असतं. हे फुगून मऊ झालेलं होतं, कोणी तोंडात धरून ठेवल्यासारखं.

दुसरी गोष्ट काट्याची. दुपारी ट्रक नव्हता, काटा रिकामा होता, आणि केबिनमधल्या वजन दाखवणाऱ्या डब्यावर आकडा आला. साठ किलो. शून्य करायचं बटण दाबलं, पुन्हा साठ. मेकॅनिक आला, त्याने स्वतः काट्यावर उभं राहून पाहिलं, वजन बरोबर दाखवतो म्हणाला. तो गेला. पुन्हा साठ.

अश्वजितने रक्तदान शिबिरातून आल्यावर फुशारकी मारली होती की, ताई, पूर्ण साठ भरलो.

काटा बिघडला आहे. दुसरा मेकॅनिक बोलवावा लागेल.

१ डिसेंबर

पुंडलिकराव फुटले!

केबिनमध्ये आले आणि खाली जमिनीवरच बसले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. रात्रंदिवस घशात काहीतरी टोचतं, डॉक्टर बॅटरी टाकून पाहतो आणि काही नाही म्हणतो. मग त्यांनी सगळं सांगितलं, माझ्याकडे न पाहता, काट्याकडे पाहत. बाहेर तांदळाचा ट्रक भरायला उभा होता, शेठला घाई होती. पुंडलिकराव म्हणाले होते, शेठ, पोट्टा आत हाय. शेठ म्हणे, धान हालाले लागलं का निघंल आपल्याआप, तू चालू कर. आणि यांनी बटण दाबलं. दोर आणि कमरपट्टा स्टोअरमध्ये कुलपात होता. तो फक्त निरीक्षक येणार असला की बाहेर टांगतात.

निघंल आपल्याआप.

मी ते सगळं शांतपणे ऐकलं. मला त्यांचा गळा दाबायचा होता. पण त्याच गळ्यातून साक्ष यायची आहे, म्हणून चहा मागवला. चहा पिताना ते विचारत होते की, मी सांगतलं तर तो पोट्टा मले सोडंल ना? सोडेल म्हटलं.

३ डिसेंबर

सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढे पुंडलिकरावांचा जबाब. अनुपदादाने पोलिसांकडून अर्ज करवून घेतला. फोनवर त्याचा आवाज कापत होता आनंदाने. माय आज कितीतरी दिवसांनी ओट्यावर येऊन बसली.

आता खेळ थांबवायला हवा. सुट्टीत टाकीपाशी गेले. घरी त्याला समजावायचे तसंच समजावलं. जबाब होईल, कलम वाढेल, शेठ आत जाईल, भरपाईचा दावाही चालू राहील. कायद्याने होऊन राहिलं सगळं, बाबू. पुंडलिकरावांना सोड. ते आता आपले आहेत.

मोटर बंद होती. पॅनलचा मुख्य खटका खाली होता, मी आधी पाहिला होता.

आत धान सरकलं. वरून खाली, हळूहळू, माझ्या तोंडासमोरच्या पत्र्यापर्यंत. आणि थांबलं.

मी मानत नाही. मी हे मानत नाही.

५ डिसेंबर

आज वेगळंच. पाणी पिताना ठसका लागला. तळहातावर थुंकले. एक दाणा. ओला, गरम.

माझं नाव तर मी सांगितलं नव्हतं.

काटा दिवसभर साठच. ट्रक चढला की ट्रकचं वजन अधिक साठ. ड्रायव्हर भांडले. मी काय सांगू त्यांना?

पुंडलिकरावांना घरीच राहा म्हटलं. सोमवारपर्यंत. दार लावून. फक्त सोमवारपर्यंत.

६ डिसेंबर

पुंडलिकराव गेले.

सुशीलाबाई धावत सांगत आल्या. सकाळी सून चहा घेऊन गेली तर अंगणात खाटेवर बसलेले, तोंड आ वासून. तोंडभर धान. दाण्यांना कोंब फुटलेले, पांढरे, ओठांच्या बाहेर आलेले.

मी त्याला सोड म्हटलं होतं. स्पष्ट म्हटलं होतं.

आज विहारात सगळे मेणबत्त्या लावत होते, मी कोपऱ्यात बसून रडले. पुंडलिकरावांसाठी नाही. त्यांच्या साक्षीसाठी. इतकी कठोर मी झाले आहे.

संध्याकाळी काट्यावर एकशे पंचवीस. पुंडलिकराव अश्वजितपेक्षा जरा अंगाने भरलेले होते.

७ डिसेंबर

अनुपदादा म्हणाला, आता मार्ग एकच, हयगयीची केस. शिक्षा झाली तरी थोडी, आणि जामीन तर आहेच. भरपाई घे आणि मायला सांभाळ, म्हणाला.

थोडी. अश्वजितसाठी थोडी.

फोन ठेवला. मिलमध्ये कोणी नव्हतं, पुंडलिकरावांचं कळल्यावर कोणी कामावर आलंच नाही. टाकीपाशी गेले. कपाळ टेकवलं. पत्रा अंगासारखा गरम.

म्हटलं, मग उरलेला घे. मला कोर्ट नको. घे त्याला.

आत धान सरकलं. लगेच. वाट पाहत असल्यासारखं.

८ डिसेंबर

सकाळ. शेठ माझ्या केबिनमध्ये आहे. आतून कडी लावून बसला आहे माझ्या पायाशी. ताई, हात जोडतो, भावाले आवरा म्हणतो. म्हणाल तिथं सांगतो, कोर्टात सांगतो, सगळं सांगतो. खाकरतो आणि ओंजळीत दाणे पडतात. कोंब आलेले.

म्हणजे मिळत होतं. सगळं मिळत होतं. एक दिवस थांबले असते तर—

अनुपदादाला फोन केला. भंडाऱ्याहून निघाला आहे, पोलिसांना घेऊन येतो म्हणाला. तोवर याला जिवंत ठेवायचं.

काट्यावर एकशे पंचवीस.

तोवर फोनवर रेकॉर्ड केलं. परत ऐकलं तर शेठचा आवाजच नाही. नुसती धान ओतल्याची सळसळ. म्हणून लिहून घेते. त्याच्या शब्दांत. खाली सही घेईन.

काचेतून ओरडले, अश्वजित, थांब, काल रागात बोलले मी. बोलू दे याला. एवढं बोलू दे, मग—

मग काय? मलाच माहीत नाही.

काटा शून्य.

काट्यावर कोणी नाही. मग कुठे—

दाराखालून धान येऊन राहिलं. ओलं. शेठने गमछा कोंबला. गमछा आत ढकलला गेला. घोट्यापर्यंत आहे आता.

शेठ खिडकी उघडा म्हणतो. खिडकी माझ्या पाठीशी आहे. उघडली तर आम्ही दोघं निघू. उघडली तर तो पळेल आणि भंडाऱ्यात जाऊन म्हणेल, पोट्टा पिऊन होता.

नाही उघडणार.

आधी सांग. लिहून घेते. सांग—

माझ्या गुडघ्यांपर्यंत. शेठच्या छातीपर्यंत, तो बसलेला आहे ना. उठता येत नाही त्याला. त्याच्या खांद्यावर कोणाचे तरी हात आहेत. दोन. नाही, चार.

मला भीती वाटते. माझ्याही तोंडात आहे. थुंकते आणि लिहिते. आणि आतून बरं वाटतं, खूप बरं वाटतं, हेच मला—

सांग शेठ. पूर्ण वाक्य. नाव घेऊन. कोर्टाला पूर्ण वाक्य लागतं.

तो सांगतो. प्रत्येक शब्दाला मूठभर पडतं. जसं बोलला तसं लिहिते—

'मी निकेश, मी पुंडलिकले मनलं, मोटर चालू कर. तो मने, आत पोट्टा हाय. मले मालूम होतं. मले मालूम होतं, आत अश्व—