पाठ केलेला समुद्र

बाबा, आईला मी समुद्र दाखवून आणला. खरा समुद्र. तिला तो आवडला नाही, आणि त्याचं कारण तुम्ही आहात, हे सांगायला बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही. चंद्रपुरात जुन्या गेटच्या आत सहलींचं एक ऑफिस आहे, तिथे मी काम करते. बाहेरचे लोक आपल्याकडे वाघ बघायला येतात आणि आपले लोक मार्च लागला की समुद्र मागतात. गर्दी नको, लहान गाव पाहिजे, घरचं जेवण पाहिजे, म्हाताऱ्या माणसाला चालता येईल असा किनारा पाहिजे. अशी गावं शोधायची आणि त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या, हे माझं काम. गुहागर, आंजर्ला, वेंगुर्ला. मी विचारल्याशिवाय काहीच लिहीत नाही. खोलीवाल्या बाईंना फोन करते. वाळूपर्यंत पायऱ्या आहेत की उतार आहे? भरतीला किनारा उरतो की नाही? माडाखाली बसलं तर डोक्यावर नारळ पडतात का? हा शेवटचा प्रश्न ऐकून त्या हसतात, पण मी उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवत नाही. आमचे मालक म्हणतात, "मॅडम, निवांत गाव आहे असं लिहून टाका न. कोन तपासाले जाते?" ‘निवांत’ हा शब्द माझ्या हातून उतरत नाही. तो तुमच्या पत्रकात होता.

मी चौथीत होते. तुम्ही काम करायचात त्या खाणीतून सगळ्या कामगारांना कुटुंबासह फिरून यायचे पैसे मिळायचे, पण खरंच फिरून आलं तरच. वसाहतीत काही जण जायचे, बरेच जण जायचे नाहीत. तिकिटं आणि हॉटेलचे कागद करून देणारा एक माणूस चंद्रपुरात होता. तुम्हाला त्या पैशांतून घरावर स्लॅब टाकायचा होता. म्हणून आपल्याला जायचंही होतं आणि जायचं नव्हतंही. तुम्ही भर दुपारी घराला कुलूप लावलं, दोन्ही बॅगा बाहेर ठेवल्या, आणि घरांच्या आख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं सांगितलंत, "गुहागरले चाललो, समुद्रावर." चंद्रपूरला उतरून आपण रेल्वे स्टेशनकडे वळलोच नाही. आरमोरीच्या एसटीत बसलो आणि मावशीच्या घरी, धानाची पोती ठेवलेल्या मागच्या खोलीत जाऊन राहिलो. बाहेर पडायचं नाही, कारण वसाहतीतल्या एकाची सासुरवाडी त्याच गावात होती. पोत्यांतली धूळ नाकात जायची आणि शिंक आली तरी आई पदर तोंडात कोंबायची.

चंद्रपूरच्या त्या माणसाने कागदांबरोबर एक रंगीत पत्रक दिलं होतं. घरात वाचता येणारी मी एकटीच. मी वाचायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. समुद्रकाठचं निवांत गाव, नारळी-पोफळीच्या बागा, मऊ वाळू, थकलेल्या माणसाला विसावा. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं तुमच्या डोक्यातून जात नसे. मला वाटायचं, तुम्ही शाळेत गेला असता तर पहिले आला असता. आणि मास्तर झाला असता तर पोरांनी शाळा सोडली असती.

मग परीक्षा. तुम्ही पोत्यावर बसलेले, आम्ही दोघी उभ्या. माझं लगेच पाठ झालं. आईचं होईना.

"खोली कोन्त्या मजल्यावर होती?"

"दुसऱ्या."

"खिडकीतून काय दिसे?"

"पानी."

"पानी तं विहिरीतबी दिसते. अख्खं सांग."

"समुद्र," आई म्हणाली, "अन्... झाडं."

"कायचे झाडं?"

तिला नारळ आठवेना. तुम्ही तिच्यापुढचं ताट पायाने मागे सारलंत. मावशी दारातून म्हणाली, "भाऊजी, जेवू द्या न तिले. झाडाचं नाव नाई आलं म्हनून काय उपाशी ठेवता?" तुम्ही म्हणालात, "समुद्र पाहून आलेली बाई अशी अडखळते काय?" आई अगदीच उपाशी राहिली नाही, एवढं खरं सांगायला हवं. मावशीने तिला पोत्यांच्या आडोशाला भात दिला. पण तो भात खातानाही ती पुटपुटत होती, नारळाचे, नारळाचे.

दुपारी तुम्ही आम्हाला परसात उन्हात बसवायचात. समुद्रावरून आलेला माणूस काळा होऊन येतो, असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं. आई म्हणाली, "आमी आधीच काळ्या आहो. आनखी कोन्ता काळा रंग पाहिजे तुमाले?" मावशी फिस्सकन हसली. मीही हसले. तुम्ही फक्त मलाच मारलंत, कारण मावशी पाहुणी नव्हती, घरधनीण होती, आणि आईचा पाठ अजून व्हायचा होता.

मी तुम्हाला एकदाच विचारलं होतं. दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणायचो, चौथं शील खोटं न बोलण्याचं. तुम्ही सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचात. मी विचारलं, "बाबा, हे खोटं नाही का?" तुम्ही जराही न थांबता म्हणालात, "जाचे पैसे भेटले म्हनजे गेलोच. कागदावर आपन गेलो आहो. तू वाच." तेव्हापासून चौथ्या शीलाला मी नुसते ओठ हलवते. आजही. शेजारी बसलेल्या बायकांना ते कळतं की नाही, याची मला दर रविवारी धास्ती असते.

आपण परत आलो. चंद्रपूरच्या बाजारातून घेतलेले शिंपले तुम्ही ओळीत वाटले. सगळं ठरल्यासारखं झालं. मग समोरच्या बाईंनी आईला विचारलं, "बाई, समुद्राचा वास कसा येते वं?" पत्रकात वास नव्हता. तुम्ही दारात विडी धरून उभे होतात, तुमचा हात तसाच राहिला. आई म्हणाली, "बाळंतिनीच्या खोलीवानी. ओला, कोंबट. जरासा दुधाचा." त्या बाईंनी हो हो अशी मान डोलावली. पाठ नसलेलं, स्वतःचं असं आईने समुद्राबद्दल सांगितलेलं ते पहिलं वाक्य. घरात आल्यावर तुम्ही तिला आडव्या हाताने मारलंत. "जेवढं शिकवलं तेवढंच बोलाचं. तुले कोनं सांगतलं दुधाचं?" मला आठवतं, तिच्या तोंडावर रडू नव्हतं. कोणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखी ती बघत होती.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तिला लकवा मारला. डावी बाजू गेली, तोंड थोडं वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, जुनं राहील, नवं टिकणार नाही. पण जुनंही विचित्र राहिलं. माझं नाव जातं, मला ती मावशीच्या नावाने हाक मारते. तुमचं लग्न कुठल्या गावात झालं ते तिला सांगता येत नाही. समुद्र मात्र सगळा आहे. दुसरा मजला, खिडकी, नारळाचे झाडं. जे धाकाने बसवलंत तेवढंच शाबूत राहिलं. आणि आता तिला अडवायला तुम्ही नाही, म्हणून ती त्यात भर घालते. लाट आली तेव्हा तुम्ही तिचा हात धरला होता म्हणते. ओळीतल्या बायका आल्या की सांगते, "याहीनं मले पान्यात नेलं, हात सोडला नाई." तुम्ही तिचा हात धरलेला मी कधी पाहिला नाही. कोपर धरलेलं पाहिलं आहे.

मला ते ऐकवत नव्हतं. दुसरा पायही आता भरवशाचा राहिला नव्हता, पुढच्या वर्षी तिला गाडीत चढवता येणार नाही हे मला दिसत होतं. त्याआधी एक तरी गोष्ट तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, तुम्ही तिच्या तोंडात न घातलेली, एवढंच मला पाहिजे होतं. ऑफिसातून मी तेच गाव निवडलं, गुहागर. खोलीवाल्या वहिनींना इतके फोन केले की शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही या हो आता, समुद्र कुठे जात नाही."

रेल्वे, पुन्हा रेल्वे, मग एसटी. आणि गाव खरोखर तसंच आहे, बाबा. हा मला सगळ्यात मोठा राग. पत्रकात एकही शब्द खोटा नव्हता. एका रेषेतली घरं, मागे पोफळी, पुढे सुरूची झाडं, आणि ती ओलांडली की लांबच लांब मोकळी वाळू. संध्याकाळी दोन-चार माणसं फिरतात, कोणी कोणाला ओरडत नाही. मी आईला धरून वाळूत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी तिच्या पायाला लागेल इतकं जवळ. ती बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हा नाई," ती म्हणाली.

"काय नाही?"

"हा नाई तो. तो मोठा होता. चांगला होता. तुझा बाप संगं होता." मग वास घेतला. "याले तं वासबी मासोळीचा येऊन राह्यला."

मी म्हटलं, "आई, हाच आहे. एकच आहे." ती मान हलवत राहिली, आणि तिच्या तोंडावर मला दया दिसली. माझ्याबद्दल. पोरीला फसवून भलत्याच पाण्यावर पाठवलं कोणीतरी, अशी. मग माझा आवाज बदलला. मला तो ऐकू आला आणि तरीही मी थांबले नाही.

"खोली कोणत्या मजल्यावर होती?"

ती खुर्चीतून उठायला लागली. एका पायावर, खुर्चीच्या दांडीला धरून, उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला. "दुसऱ्या."

"खिडकीतून काय दिसायचं?"

"समुद्र अन् नारळाचे झाडं."

"आणि वाळू कशी होती?"

"मऊ."

एकही चुकलं नाही. मी म्हटलं, "आई, आपण आरमोरीत होतो. मावशीकडे. पोत्यांच्या खोलीत. आपण कधी आलोच नव्हतो, आणि बाबांनी तुझा हात कधी धरला नव्हता." तिने चांगला हात वर केला आणि कोपर तोंडासमोर धरलं. सुरूखालून फिरायला आलेलं एक जोडपं थांबलं, आणि मी तिला मारते आहे असं समजून माझ्याकडे बघायला लागलं.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. वहिनी दोनदा ताट घेऊन आल्या. "आजी, सोलकढी तरी घ्या." आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

सकाळी वहिनी पडवीत घावणे घालत होत्या. मी आईला बाहेर आणून बसवलं आणि आयुष्यात जे ठरवून कधी केलं नव्हतं ते केलं. म्हटलं, "आई, माझंच चुकलं. मी लहान होते, विसरले. आपण आलो होतो समुद्रावर. बाबा होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं, लकव्याच्या आधीचं.

"आलो होतो?"

"हो."

"मंग सांग. पान्याजवळ तुझा बाप मले काय म्हनला?"

हे पत्रकात नव्हतं. तुम्ही शिकवलेल्यातही नव्हतं. चार ओळी लिहिण्याचा मला पगार मिळतो, आणि तरी तव्यावर घावण उलटेपर्यंत मला काही सुचेना. मग सुचलं. मी म्हटलं, "म्हणाले, दमली असशील, बस थोडी."

आई हसली. वाकड्या तोंडाने, पण पोटातून, मावशी हसायची तशी. "तुझा बाप?" ती म्हणाली. "त्यानं मले जलमात बस म्हनलं नाई. खोटं बोलून राह्यली तू." वहिनींनी पुढे केलेलं घावण तिने घेतलं, तोडलं, आणि खाता खाता, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "मंग समुद्रबी खोटाच असन."

तेव्हापासून ती समुद्राचं काढत नाही. आल्यावर शेजारच्या बायकांनी विचारलं, "काय पाहून आल्या बाई?" तर म्हणाली, "काई नाई. पानी होतं." दुसरा मजला गेला, खिडकी गेली, नारळही गेले. आता दुपारभर ती भिंतीकडे बघत बसते, आणि तिच्याकडे सांगायला काही नाही. जे तुम्ही धाकाने बसवलं होतं आणि लकव्यालाही पुसता आलं नव्हतं, ते मी पुसलं, प्रेमाने बोलून. तुमच्या मारापेक्षा ते लवकर लागलं. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकला असेल. मी मान डोलावते.

हे तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. मलाच समोर उभं राहून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मी आता करणार नाही. एवढंच सांगते, की ‘दमली असशील, बस थोडी’ हे वाक्य मी त्या सकाळी आईसाठी बनवलं नव्हतं. ते माझ्याजवळ पुष्कळ वर्षांपासून तयार होतं, तुमच्याच आवाजात, आणि त्यात आई नव्हती.