थुंकलेले घोट

ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. ज्या नाकावरून तू मला जन्मभर नाकाडोबा म्हणत आलीस, त्याच नाकाने नोकरी मिळवून दिली बघ! वाइनच्या तळघरात चाखणारा म्हणून घेतलंय. पिंपातली वाइन नळीने काढायची, हुंगायची, तोंडात घोळवायची आणि तांब्याच्या तस्तात थुंकायची. गिळायचं काम नाही. म्हणजे निघताना आईच्या शिलाई मशीनवर माझा हात ठेवून तू जे वचन घेतलंस, ते इथे आपोआप पाळलं जातं. बाबांनी जेवढी गिळली तेवढी मी थुंकणार. फिट्टंफाट!

माझ्यावर एक म्हातारबुवा आहेत. त्यांच्यासारखी जीभ कुठे नाही म्हणतात, पण संध्याकाळी हमालांपैकी कोणीतरी हात धरून त्यांना घरी सोडतो, नाहीतर ते भलत्याच दाराची कडी वाजवतात. हमाल मात्र मजेत असतात. जेवताना पेला-पेला पितात आणि आपल्या पणजोबांच्या शेळीपर्यंतच्या गोष्टी सांगतात.

लोक ही का पितात, असं तू स्टँडवर विचारलं होतंस. शोधून कळवतो.

मुलांना गोड पापा. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझा,
नाकाडोबा


ता. १२ सप्टेंबर

चि. नाकाडोबास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, जिवात जीव आला. थुंकायचा पगार मिळतो हे ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्या ह्यांना तिकडे चिकटवता येईल का, ते तर फुकटच थुंकतात.

इथे शाळेच्या गणवेशांनी मला पार गाडून टाकलंय. काजं-बटणं करून बोटांची चाळण झाली. पण आईचं मशीन अजून कुरकुर करत नाही हो.

बाबा का प्यायचे हे त्यांना विचारायची माझी कधी छाती झाली नाही, म्हणून तुला विचारलं. नाहीतर मला काय करायचंय त्या पाण्याशी! तू मात्र वचन विसरू नकोस. एक थेंबही घशाखाली गेला तर मला तोंड दाखवू नकोस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.

तुझी,
ताई


ता. १ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एक नाही गं. आमच्याकडे मागण्या येतात त्या वाचतो ना, तर डोकं चक्रावतं. कुठे प्रार्थनेत प्रत्येकाला एकच घोट देतात आणि त्यावर लोक गुडघे टेकतात. कुठे रोजच्या जेवणात पाण्यासारखी पितात, पोरांनाही चमचाभर पाण्यात घालून. कुठे मेलेल्यांसाठी पहिला घोट जमिनीवर ओततात. आणि आमचा एक हमाल धर्मामुळे तिला शिवत नाही, तो दिवसभर पिंपं लोटतो आणि पेला पुढे आला की हसून मान फिरवतो. विचारावं तर प्रत्येक जण म्हणतो, आमच्याकडे तसंच असतं.

एक नवल सांगतो. इथे काही पिंपांना मुकी म्हणतात. रंग चांगला, पण चव म्हणून काही नाही. असं एक मी चाखून थुंकलं. थुंकताना वाटलं, वाइनबरोबर आणखीही काहीतरी तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी तेच पिंप हुंगलं तर ताई, आईच्या मशीनचं तेल! खडूचा वास, पाय मारताना आई गुणगुणायची ते गाणं, सगळं त्यात! मला रडूच फुटलं. म्हातारबुवांनी हात चोळले आणि म्हणाले, आता बोलायला लागलं.

तस्त इथे कोणी रिकामं करत नाही. तरी सकाळी ते कोरडं असतं. म्हातारबुवांना विचारलं तर त्यांनी त्याच पिंपावर टिचकी मारली.

मुलांची आठवण येते. लोभ जरा जास्तच असावा, इथे गारठा आहे.

तुझा,
नाकाडोबा


ता. ९ ऑक्टोबर

चि. नाकाडोबास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मशीनपाशी बसूनच वाचलं. डोळ्यांतलं पाणी एका गणवेशाच्या कॉलरवर पडलं, ती पुन्हा इस्त्री करावी लागली. आईचा वास तुला मिळाला, मला इतकी वर्षं शेजारी बसून मिळत नाही. मेल्या, तुझं नाकच खरं.

एक काम कर. त्या गाण्याची पहिली ओळ मला येते, दुसरी काही केल्या आठवत नाही. तुला तर पाठ होती. तेवढी लिहून पाठव, मशीन चालवताना म्हणेन.

ते तस्ताचं काही मला बरं वाटलं नाही. उंदीर असतील म्हणून सोडून देते. सुट्टी कधी मिळेल ते कळव.

माझा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळ.

तुझी,
ताई


ता. २ नोव्हेंबर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. त्यात तू कुठल्याशा गाण्याबद्दल आणि मशीनबद्दल लिहिलं आहेस. आपल्याकडे मशीन होतं का? मला तर आठवत नाही. तुझी काहीतरी गल्लत होत असेल.

इथे एक मजा झाली. ज्या पिंपाबद्दल मी तुला लिहिलं असं तू म्हणतेस, ते बाटल्यांत भरून एका लग्नाला गेलं होतं. त्यांचं पत्र आलंय. वाइन सगळ्यांना फार आवडली म्हणे, पण दुसऱ्या पेल्यानंतर जेवायला बसलेल्या सगळ्या पाहुण्यांचे पाय टेबलाखाली वरखाली व्हायला लागले. एका तालात. कोणी नाचत नव्हतं, वाजंत्रीही थांबली होती. थांबवायला गेले तरी थांबेनात. सगळे आपल्याच पायांकडे बघत, हसत बसले होते आणि हसताहसता कित्येक जण रडले. आम्ही इथे खूप हसलो.

आता नवं मुकं पिंप हाताशी घेतलंय. अजून फक्त खळीचा वास देतंय, नव्या कापडाचा. म्हातारबुवा म्हणतात, हे सर्वांत चांगलं होईल.

कळावे, लोभ असावा.

तुझा भाऊ


ता. ११ नोव्हेंबर

नाकाडोबा,

आशीर्वाद नंतर, आधी ऐक. चाखणं बंद कर. आजच्या आज, हे पत्र हातात असताना!

पाय कसले हलत होते ते तुला कळलं नाही, मला पत्र वाचतानाच कळलं. ती आई होती रे. कोण कुठले लोक, आपली आई पिऊन बसले.

तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. हमाल गिळतात, त्यांना पणजोबांची शेळी आठवते. म्हातारा थुंकत आला, त्याला स्वतःचं दार आठवत नाही. आणि तू थुंकतोयस माझ्यामुळे! ते वचन मोडलं असं समज. मीच मोडते. बाबांची भीती मी तुझ्या गळ्यात बांधली, आणि बघ काय झालं.

आता एवढंच सांग. खळीचा वास म्हणतोस, तर पडद्याच्या कापडाचा शर्ट आठवतो का? आईचा हात दुखत होता म्हणून मी पहिल्यांदा मशीनवर बसले आणि निळ्या पडद्याचा तुला शर्ट शिवला, खिसा चुकून उजव्या बाजूला लागला. घालून शाळेत गेलास आणि उघडाबंब परत आलास, ओठ फुटलेला, शर्ट दप्तरात तळाशी दडवलेला. मला वाटलं, लाज वाटली तुला माझ्या शिवणीची. मी तोंड फिरवून आत गेले. ते कधी विचारलं नाही, आज विचारते. आठवतो का?

हो की नाही, एवढंच लिही. मी वाट बघतेय.

ताई


ता. १ डिसेंबर

श्रीमती,
स. न. वि. वि.

आपली पत्रे माझ्या पत्त्यावर येतात. आपण कोणा नाकाडोबा यांना शोधत असाल असे दिसते. इथे चौकशी केली, त्या नावाचे कोणी नाही. पत्त्याची चूक झाली असावी. आपण फार काळजीत आहात हे अक्षरावरून कळते, म्हणून वाईट वाटले.

सोबत आमच्या नव्या पिंपातली पहिली बाटली पाठवत आहे. हे पिंप मी चाखले आहे. लोक अशा वेळी एखादा पेला घेतात, मन हलके होते म्हणतात. मी स्वतः घेत नाही. का घेत नाही ते मात्र आता सांगता येणार नाही.

लोभ असावा असे लिहिण्याइतकी आपली ओळख नाही. तरी असावा.

आपला,
तळघरातील चाखणारा


ता. ९ डिसेंबर

चि. नाकाडोबास,
तुझ्या ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

नाकाडोबा तूच. वाद घालू नकोस.

तुझी बाटली दोन दिवस कपाटावर ठेवून तिच्याशी भांडले. मग उघडली. ज्या बाईने जन्मात बाटलीचं बूच हुंगलं नाही, तिने चहाच्या कपात एक घोट ओतला आणि गिळला. आधी नुसतं आंबट. मग खळ. मग निळं कापड, अंगावर करकरीत, खिसा उजवीकडे. मी शाळेच्या अंगणात होते, तुझ्या उंचीची. पोरं हसत होती. एक जाडा पोरगा म्हणाला, घरात आता पडदा कुठला लावणार. आणि तू बटणं काढायला लागलास. एकेक, सावकाश. शर्टाची घडी घातलीस, दप्तरात खाली ठेवलीस, वर पाटी ठेवलीस की चुरगळू नये. आणि मग उघड्या अंगाने त्याच्यावर तुटून पडलास.

फाटू नये म्हणून काढला होतास रे. लाज नव्हती. आणि दारात मी तोंड फिरवलं तेही पाहिलं, तुझ्या डोळ्यांनी. तुला सांगायचं होतं, पण ओठ सुजला होता, आणि तोवर मी आत गेले होते.

बाबा का प्यायचे ते मला अजून कळलेलं नाही. पण गुडघे टेकणारे, जमिनीवर ओतणारे, लग्नात पाय हलवणारे, सगळे काय शोधत असतात ते एका घोटात कळलं. आई गेली, ती आता कुठून आणू? ती कुठल्या कुठल्या लोकांच्या पोटात आहे. पण ही बाटली मी पुढे चाखली नाही. उरलेलं सगळं तुझं आहे.

गणवेश काकूंवर टाकून मी उद्या निघते. तोवर एकाही पिंपाला तोंड लावू नकोस. पत्र पोचेल त्याच्या मागोमाग तळघराच्या दारात एक बाई येईल, हातात निळ्या पडद्याच्या कापडाची पिशवी, उरलेल्या तुकड्याची. ती चहाचा कप पुढे करील. तू तिला ओळखणार नाहीस. ओळख पटायची वाट बघू नकोस. घे आणि गिळ.

थुंकलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
ताई
(कोण ते घोट घेतल्यावर कळेल)