फुलपात्रभर गार वाइन

सोलापूर, २ मे २०२४

ती. महानंदावहिनींस, चंद्रिकाचा सा. न. वि. वि.

तुमच्याकडे फोन हातोहात फिरतो, म्हणून मुद्दाम पत्र. हसू नका, पण साठीला मला एक चट लागलीय. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सोबतच्या शिक्षिका रेश्माबाईंनी स्वस्तातल्या लाल वाइनची बाटली दिली होती. इथल्या त्रेचाळीस डिग्रीत पहिला घोट काढ्यासारखा कोमट, तुरट! ओतूनच देणार होते. मग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली, आणि अगं बाई, जांभळाची चव आली की! आता दर रविवारी फुलपात्रभर घेते. सोबत शेंगाचटणी आणि अव्वाच्या हातची कडक भाकरी. हे गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून पहिल्यांदा घरात एकटीला बरं वाटलं. कुणाला सांगू नका.

अव्वाची मनगटं सुजलीत असं सोमशेखरअण्णा म्हणाला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्या आईनं तुमच्या ऑर्डरीच्या भाकरी थापणं आता पुरे. ठरल्याप्रमाणे पंधरा तारखेला तिला माझ्याकडे पोचवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
चंद्रिका

मैंदर्गी, ८ मे

गं. भा. चंद्रिकावन्संस, महानंदाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. आलेलं टपाल लिंगपूजेनंतर सगळ्यांपुढं वाचायचं, ही तुमच्याच वडिलांची रीत. मी सून, मी कशी मोडू? वाचलं. विभूती लावून उठलेले मठाचे स्वामी परत बसले आणि पुन्हा वाच म्हणाले. तुमच्या अण्णांची मान वर होईना.

चोचले करा की, कोण अडवतंय! पण लिंगधारी म्हातारीला दारूच्या घरात कसं धाडायचं? मनगटांना मी हळद लावते. दुधनी गावातल्या लग्नाच्या चारशे भाकऱ्या आहेत, त्या कोण थापणार? बाटली टाकली असं गळ्यातल्या लिंगाची शपथ घेऊन लिहा, मग बघू.

आहे तो जिव्हाळा राहू द्या.
महानंदा

सोलापूर, १२ मे

ती. वहिनींस सा. न.

बाटली मोरीत ओतली. लिंगाची शपथ, यापुढे थेंब घेणार नाही. हेही सगळ्यांपुढे वाचा. अव्वाची खाट पंख्याखाली टाकलीय. पाया पडते, तिला पाठवा.

चंद्रिका

मैंदर्गी, १८ मे

गं. भा. वन्संस आशीर्वाद.

शपथ वाचली. स्वामी प्रसन्न झाले.

मागल्या पत्रात एक लिहायचं राहिलं. तुमचं पहिलं पत्र ऐकून अव्वा लई हसल्या होत्या. लेकीकडं गार हाय म्हणं, मला बी दोन घोट दील, असं म्हणून पिशवी भरून ओट्यावर जाऊन बसल्या. पिशवी मी माळ्यावर टाकली, तर दोन दिवस जेवल्या न्हाईत.

परवा मात्र अव्वांनी तुमची शपथ ऐकली. पोरीला तेवढंच एक सुख होतं, ते बी माझ्यापायी गेलं, आता कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाल्या. आणि आपण होऊन पिठाशी बसल्या. आता निघू नये म्हणून मला अडवावं लागत न्हाई. चारशे वेळेत झाल्या.

त्यातल्या उरलेल्या डझनभर पाठवतेय. पाण्यासोबत खा.

लोभ आहेच.
महानंदा